मासे हुकवणारी घार

भिंगकाकांच्या दुकानाला पुढून रस्ता होता आणि मागून खाडी. पुढच्या दारानं गिऱ्हाईक यायचं आणि मागच्या खिडकीतून खाऱ्या चिखलाचा वास. या दोहोंपैकी काकांचं जास्त लक्ष कुणाकडे असायचं, हे काकूंना विचारू नये. तीस वर्षं त्या नवऱ्याशेजारी बसून चष्म्याच्या काचा घासत आल्या होत्या. गिऱ्हाईक खुर्चीत एक डोळा झाकून ताटकळलंय आणि नवरा खिडकीशी उभा आहे, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की आता त्यांना रागही यायचा नाही. म्हणजे फार यायचा नाही.

दुकान लहानसं. एका भिंतीला फ्रेमा, दुसरीला आरसा, मधे उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता. मागे पडदा होता. पडद्याआड काकूंचं काच घासायचं चाक, शेजारी चष्म्याचा नंबर मोजायचं यंत्र, आणि यंत्राच्या वर ती खिडकी. आता चष्म्याच्या दुकानात यंत्राच्या नेमकी वर खिडकी कशाला पाहिजे? पण दुकान घेतलं तेव्हा जागा काकांनी आखली होती, त्यामुळे तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

खिडकीतून खाडी ऐसपैस दिसायची. भरतीला पाणी पार दुकानाच्या मागच्या पायरीला लागायचं आणि ओहोटीला मधे अरुंद धार उरायची, दोन्ही अंगांना नुसता चिखल. त्या धारेच्या कडेला जुन्या धक्क्याचे चार खांब उभे होते. धक्का कधीच वाहून गेला होता, खांब तेवढे राहिले होते. सगळ्यात उंच खांबावर थंडीचे चार महिने मॅडम मुक्कामाला असायच्या.

मॅडम म्हणजे घार. साधी उकिरड्यावर फिरणारी घार नव्हे, मासे मारून खाणारी. पोट पांढरं, पाठ तपकिरी आणि डोळ्यांवरून मागे गेलेला काळा पट्टा. त्या पट्ट्यामुळे ती कायम कुणावर तरी रागावलेली दिसायची, म्हणून मॅडम. ओहोटीचं पाणी उतरून मासे त्या अरुंद धारेत गोळा झाले की मॅडम खांब सोडायच्या. पाण्यावर चकरा मारायच्या, मधेच हवेत एका जागी थांबून पंख फडफडवायच्या आणि मग पाय पुढे काढून धाडकन पाण्यात कोसळायच्या. क्षणभर नुसतं पाणी उडालेलं दिसायचं. मग बाहेर येऊन कुत्र्यासारखं अंग झटकून त्या खांबाकडे निघायच्या. पायात मासा असला तर त्याचं तोंड पुढे, शेपूट मागे. मासा आडवा धरून उडणं मॅडमना मंजूर नव्हतं.

हे सगळं भिंगकाका नुसत्या डोळ्यांनी बघायचे. एका गिऱ्हाइकानं एकदा कौतुकानं दुर्बीण देऊ केली, तर काका म्हणाले, "दुर्बीण आळशी माणसाला लागते. मी चष्म्याच्या धंद्यातला माणूस आहे." आता या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते त्या गिऱ्हाइकाला कळलं नाही. काकूंनाही कळलं नाही, पण त्यांना सवय होती.

या बघण्यात काकांना एक भागीदार होता. खाडीतून माणसं या तीरावरून त्या तीरावर नेणारा नावाडी. दोघांनी मिळून मॅडमचा हजेरीपट ठेवला होता. खिडकीच्या चौकटीला काकांनी पाटी टांगली होती, तिच्यावर दोन रकाने: 'पकडला' आणि 'हुकला'. मॅडम पाण्यात पडल्या की एक रेघ. नावाड्याला खडू-पाटीचा कंटाळा. तो होडीत पत्र्याचा डबा ठेवायचा आणि मॅडमनी मासा उचलला की त्यात एक शिंपला टाकायचा. दुपारी तो चहाला दुकानात आला की डबा उपडा व्हायचा, शिंपले मोजले जायचे आणि पाटीशी ताडून बघितले जायचे. तीन हिवाळे झाले, एखाद्या शिंपल्याचा फरक पडला असेल तर असेल. ज्याची चूक निघेल त्यानं चहा करायचा, असा करार होता. प्रत्यक्षात चहा काकू करायच्या, पण चूक कुणाची हे ठरल्याशिवाय कुणी पेल्याला हात लावायचा नाही.

चौथ्या हिवाळ्यात गडबड झाली. पहिल्याच दिवशी पाटीवर 'हुकला'च्या रकान्यात नऊ रेघा आणि 'पकडला'मध्ये दोन. नावाड्याच्या डब्यातून मात्र आठ शिंपले निघाले.

"तू मागच्या वर्षीचे शिंपले काढले नाहीस," काका म्हणाले.

"घासून ठेवलाय डबा. वास घ्या पाहिजे तर."

काकांनी खरंच वास घेतला. मग म्हणाले, "मॅडम म्हाताऱ्या झाल्या रे. अकरातले नऊ हुकले. पूर्वी असं होत नव्हतं."

नावाड्यानं शिंपले परत डब्यात भरले. तो होडीत असताना मॅडम त्याच्या डोक्यावरून जायच्या, माशाच्या शेपटीचं पाणी त्याच्या मानेवर पडायचं. पण समोर चहा होता आणि काका वयानं मोठे होते.

पुढचे पंधरा दिवस हेच. पाटीवर हुकला, हुकला, हुकला. काका बेचैन झाले. एरवी जेवताना बोलणारा माणूस ताटात बघत बसायला लागला. एके दिवशी त्यांनी काकूंना निदान सांगितलं.

"मॅडमची नजर गेलीय. लांबचं दिसतं, झेपही बरोबर घेतात, पण पाण्याजवळ आल्या की अंदाज चुकतो. जवळच्या नंबराचा प्रश्न आहे."

"मग करा एक चष्मा," काकू चाकावरून मान न उचलता म्हणाल्या.

"थट्टा नाही. पक्ष्याचे डोळे गेले की तो आठवड्याभरात उपाशी मरतो. त्याला कोण पोसणार?"

या प्रश्नाचं उत्तर काकांनी स्वतःच दिलं. रोज सकाळी ते बाजारातून वाटीभर लहान मासे आणायला लागले आणि खांबांच्या समोर, चिखलाच्या कडेला नेऊन ठेवायला लागले. आंधळी होत चाललेली बाई चिखलावरचे मासे तरी उचलेल, हा हिशेब. मॅडमनी त्या माशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिवंत नसलेला मासा त्या खायच्या नाहीत. पण गावभरच्या कावळ्यांना बातमी लागली. आठवड्याभरात चिखलावर पंगत बसायला लागली आणि त्यातले दोन कावळे तर इतके माजले की जेवण झाल्यावर मॅडमच्याच मागे लागायला लागले. काका हे खिडकीतून बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "बघ, मॅडम जेवताहेत." कावळा आणि घार यांत गल्लत करणारा माणूस तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, हे काकूंनी त्या दिवशी मनाशी नोंदवलं.

तसं त्यांना आधीपासूनच दिसत होतं. चार महिन्यांत काकांनी दुकानातला दिवा तीनदा बदलला होता, कारण 'हल्लीचे दिवे उजेडच देत नाहीत'. खिडकीची काच दिवसातून दोनदा पुसायला लावली होती. सुई ओवायला घेतली की ते म्हणायचे, सुईची भोकं आता बारीक करायला लागलेत. काकूंनी एकदा, दोनदा, दहादा म्हटलं होतं, "अहो, एकदा डॉक्टरांना डोळे दाखवून या." दर वेळी काका हसायचे. ज्याच्याकडे गाव डोळे दाखवायला येतं त्यानं कुणाकडे जायचं?

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त काकूंना ठाऊक होती. डोळ्याच्या ऑपरेशनला भिंगकाका थरथर कापायचे. गेल्या तीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी माणसं मोतीबिंदूसाठी दवाखान्यात पाठवली होती, "काही कळत नाही हो, दहा मिनिटांचं काम," असं पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि घरी येऊन स्वतःच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालायची वेळ आली तरी हा माणूस उशीत तोंड खुपसायचा.

म्हणून काकूंनी दुसरा मार्ग काढला. संध्याकाळी काका शटर ओढायला पुढे गेले की त्या दिवसभराचे तयार चष्मे एकेक करून यंत्राखाली धरायच्या आणि नंबराच्या कागदाशी ताडून बघायच्या. चुकलेली काच बाजूला काढायच्या, सकाळी काका बाजारात गेले की नवी घासून बसवायच्या. काकांना पत्ता नाही. आठवड्यातून एक, मग दोन, मग तीन. गिऱ्हाईक खूश, काका खूश, आणि काकूंची बोटं चाकानं सोलवटलेली. अशी चार महिने एका माणसाच्या डोळ्यांवर दोघांचं दुकान चाललं.

मग काकूंची बहीण आजारी पडली आणि त्या चार दिवस तिच्याकडे गेल्या. त्या चार दिवसांत तीन चष्मे दुकानाबाहेर पडले. परत आल्यावर काकूंनी कागद काढले, 'स्क्रू ढिला आहे, आणून द्या' असा निरोप धाडला आणि दोन चष्मे परत आणवले. दोन्ही चुकलेले निघाले, दोन्ही दुरुस्त झाले. तिसरा होता शाळेच्या व्हॅनवाल्याचा.

व्हॅनवाला बारीकसा, हसऱ्या तोंडाचा माणूस होता. पंधरा पोरं गाडीत कोंबून सकाळी शाळेत न्यायची आणि बारा वाजता घरी आणायची, हे त्याचं काम. चष्मा घेतल्यावर तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला होता. म्हणाला, "काका, रस्ता जरा कलल्यासारखा दिसतोय." काका त्या वेळी खिडकीशी होते. तिथूनच म्हणाले, "नवा नंबर आहे. आठ दिवसांत सवय होते."

हे वाक्य चष्म्याच्या धंद्यात सगळेच म्हणतात, आणि शंभरातल्या नव्वदांच्या बाबतीत ते खरंही असतं. व्हॅनवाल्याला तर सवय खरंच झाली. त्यानं शोधून काढलं की मान डाव्या खांद्याकडे झुकवली की रस्ता सरळ होतो. तेव्हापासून तो मान झुकवून गाडी चालवायला लागला. मान झुकवून चहा प्यायचा, मान झुकवून बोलायचा. पोरांना वाटलं ही काही तरी नवी गंमत आहे, त्यांनीही व्हॅनमध्ये माना झुकवून बसायला सुरुवात केली.

काकू स्वतः त्याच्या घरी गेल्या. "चष्मा देता का जरा? तपासून आणते."

"कशाला? आता मस्त जमलंय. काका म्हणाले होते सवय होईल, झाली."

"अहो, पण काच चुकली असली तर?"

व्हॅनवाला हसला. "काकांची? काकू, माझ्या वडिलांचा चष्मा काकांनीच केला होता. ते जाईपर्यंत बिनतक्रार. काका सांगतील तेव्हाच मी हा काढीन."

काकू परत आल्या त्या सरळ खाडीवर. नावाडी होडीतलं पाणी उपसत होता. "हे माझं ऐकायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "नुसतं घारीचंच असतं तर मी गप्प बसले असते. पण तो व्हॅनवाला यांनी चुकवलेल्या काचेतून बघत पंधरा पोरं घेऊन फिरतो. उद्या यांना होडीत घेऊन जा. अगदी तिच्याखाली नेऊन बसवा. स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ओहोटी लागली होती. नावाड्यानं काकांना सांगितलं की मॅडमची तब्येत जवळून बघून घ्या, मला काही ठीक वाटत नाही. काका एका पायावर तयार. कोट घातला, पाटी काखेत मारली, होडीत मधल्या फळीवर बसले. होडी खांबांपासून वीस-पंचवीस हातांवर थांबली. मॅडम वरून दोघांकडे रागानं बघत होत्या, म्हणजे नेहमीसारख्याच.

पहिली झेप. पाणी उडालं. मॅडम वर आल्या, अंग झटकलं, खांबाकडे गेल्या.

"हुकला," काका म्हणाले आणि रेघ मारली.

नावाड्यानं गुपचूप डब्यात शिंपला टाकला. मॅडम खांबावर बसून निवांत नाश्ता करत होत्या. काकांनी विचारलं, "काय करतेय रे वर?"

"पिसं साफ करतेय," नावाडी म्हणाला. खोटं बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण काकूंनी बजावलं होतं की सांगायचं नाही, त्यांना दिसू द्यायचं.

अर्ध्या तासानं मॅडम पुन्हा उठल्या. या वेळी झेप होडीपासून दहा हातांवर पडली. दोघांच्या अंगावर पाणी उडालं. मॅडम वर आल्या, पायात हातभर मासा, चांदीसारखा लखलखीत, शेपूट आपटत. आणि त्या सरळ होडीच्या दिशेनं निघाल्या.

"आता बघा हं, काका. नीट बघा. काय आहे पायात?"

काकांनी मान वर केली. डोळे बारीक केले, मोठे केले, कपाळावर हात धरला. "काही नाही. रिकामी आहे."

"नीट बघा."

"अरे, डोक्यावरून चाललीय. हात वर केला तर लागेल. मला काय दिसत नाही का? रिकामी आहे म्हणतो ना."

तेवढ्यात काकांच्याच माशांवर पोसलेले ते दोन माजलेले कावळे मागून आले. एकानं मॅडमच्या शेपटीला चोच मारली. मॅडमनी गिरकी घेतली, शिवी हासडल्यासारखी एक किंकाळी फोडली, आणि पायांची पकड सुटली.

मासा काकांच्या मांडीवर पडला.

पाटी होडीत आपटली. मासा पाटीवर, पाटीवरून काकांच्या पोटावर, तिथून पुन्हा मांडीवर असा उड्या मारत राहिला. काकांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं. कोटाच्या बाह्या खवल्यांनी माखल्या. नावाडी हसायला तयारच बसला होता, कालपासून हसू दाबून धरलं होतं त्यानं. पण काकांचं तोंड बघितलं आणि हसू आतल्या आत जिरलं. काका घाबरले होते. कुणी अंगावर धावून आल्यावर माणूस घाबरतो तसे नाही, आपलंच घर ओळखू आलं नाही तर घाबरेल तसे.

"हा आत्ता तिच्या पायात होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मघाशी?"

"मघाशीही होता."

"पहिल्या दिवसापासून?"

नावाड्यानं डबा पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. मासा अजून हातात धडपडत होता. ते म्हणाले, "पाण्यात सोड हा. तिचा आहे." नावाड्यानं मासा सोडला. मग काका एकदम म्हणाले, "होडी वळव. लवकर. मी त्या व्हॅनवाल्याला सवय होईल म्हणून सांगितलंय."

दुकानात काकू चाकाशी बसल्या होत्या. कोटावरचे खवले बघून त्यांना कळायचं ते कळलं. काकांनी पडदा सारला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "व्हॅनवाल्याचा कागद कुठंय?"

काकूंनी कागद दिला, पण मग स्वतःच वाचून दाखवला. त्याच्या डोळ्याला तिरका नंबर होता. अशी काच फ्रेममध्ये नेमक्या अंशावर फिरवून बसवावी लागते. कागदावर ऐंशी होतं. बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी काकूंनी स्वतःच्या हातानं ते लिहिलं होतं.

"आणि मी कितीवर बसवली?"

"चष्मा हातात आल्याशिवाय कसं सांगू? पण त्याची मान बघून वाटतं, तुम्ही यंत्राच्या चकतीवरच्या ऐंशीचे तीस वाचले असणार."

काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते तीस वर्षांत कधी बसले नव्हते. "आणखी किती जण?"

काकूंनी सगळं सांगितलं. संध्याकाळची तपासणी, सकाळचं घासणं, बहिणीकडचे चार दिवस, ते दोन परत आलेले चष्मे. काकांना राग आला. आधी त्यांना वाटलं बायकोचा आला, मग लक्षात आलं की तिचा नाही. सोलवटलेली बोटं त्यांनी हातात घेतली, जवळ नेऊन बघायचा प्रयत्न केला आणि बोटांनीच चाचपली.

"मला का सांगितलं नाहीस?"

"दहादा सांगितलं. तुम्ही दिवे बदललेत."

काकांनी वरच्या नव्या दिव्याकडे बघितलं.

"तुम्हाला खोटं पाडायचं माझ्या जिवावर यायचं," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही ऑपरेशनला किती घाबरता ते मला माहीत आहे. वाटलं, ढकलू थोडे दिवस. पण तो व्हॅनवाला माझं ऐकत नाही हो. तुमच्यावर विश्वास आहे त्याचा. तुम्ही म्हणाल तरच तो चष्मा काढेल. आणि बारा वाजता शाळा सुटते."

व्हॅनवाल्यासाठी नवा चष्मा काकूंनी परवाच करून ठेवला होता, ऐंशीवर. दहा वाजता दोघं निघाले. रस्ता ओलांडताना काकांनी काकूंचा दंड धरला. एरवी असं धरून चालणाऱ्या नवऱ्यांना ते हसायचे.

व्हॅनवाला अंगणात गाडी धूत होता, मान डाव्या खांद्याकडे कललेली. काकांना बघून त्याला आनंद झाला. "काका! सवय झाली बरं का, तुम्ही म्हणाला होता तशी."

काकांनी येताना वाटेत वाक्यं जुळवली होती. यंत्रात बिघाड झाला होता, असं एक होतं. काचेच्या कारखान्यानं चुकीचा माल पाठवला, असंही एक होतं. दोन्ही वाक्यं चांगली होती आणि व्हॅनवाल्यानं ती हसत मान्य केली असती.

"चष्मा काढा," काका म्हणाले. "काच मी चुकीची बसवली. तुमची सवय चांगली आहे, काच वाईट आहे."

व्हॅनवाल्यानं, खरंच का, अशा नजरेनं काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. त्यानं जुना चष्मा उतरवला, काकांनी नवा त्याच्या नाकावर ठेवला, कानामागे काड्या नीट बसवल्या. हे काम त्यांना डोळे मिटून यायचं. मग दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि हळूच सरळ केलं.

व्हॅनवाल्यानं गाडीकडे बघितलं. समोरच्या घराच्या खिडक्यांकडे बघितलं. "बापरे," तो म्हणाला. "त्या खिडक्या सरळ होत्या होय? मला वाटलं गवंड्यानं घोळ घातलाय." मग त्यानं काकांकडे बघितलं, अगदी जवळून, कारण काकांचे हात अजून त्याच्या कानांपाशीच होते. बघता बघता त्याचं हसू गेलं.

"काका, तुमच्या डोळ्यांत पांढरं दिसतंय. दोन्हीत. बुबुळाच्या मधोमध. तुम्हाला... ठीक दिसतं ना?"

काकांनी हात खाली घेतले. "गाडी काढा," ते म्हणाले. "शाळा सुटायला अजून वेळ आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात सोडा आम्हाला."

काकू मागच्या बाकावर बसल्या, जिथे एरवी चार पोरं दाटीवाटीनं बसायची. काका पुढे. आपण आता कुणाच्या बाजूला बसलोय आणि त्याच्या नाकावर कुणी केलेली काच आहे, हा विचार त्यांच्या मनात आला. आपण केलेली नाही, म्हणून त्यांना धीर वाटला, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं. दहा मिनिटांचं काम, काही कळत नाही, हे ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांची त्यांना मनापासून माफी मागावीशी वाटत होती.

व्हॅनवाल्याचा मात्र उत्साह उतू चालला होता. नवी नजर मिळालेला माणूस गप्प बसत नाही. वळण घेतल्यावर त्यानं रस्त्यावरच्या पाट्या वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, एकही न सोडता. "औषधांचं दुकान. सायकल दुरुस्ती. येथे वाहने उभी करू नयेत. त्याच्याखाली बारीक अक्षरात, काका, उभी केल्यास हवा सोडण्यात येईल. हे इथे कधीपासून लिहिलंय? शिवणकाम शिकवले जाईल, फक्त महिलांसाठी." चौकात गाडी थांबली, तेव्हा पलीकडच्या भिंतीवरची दात काढायची जाहिरातही त्यानं वाचली, डॉक्टरांच्या वेळांसकट. मग सहज विचारलं, "बरोबर वाचतोय ना, काका?"

काकांच्या समोर रंगीत चौकोन होते. एक लाल, एक पिवळा, त्यापलीकडे धुकं. तीस वर्षं खुर्चीत बसलेली माणसं त्यांना हेच विचारत आली होती, आणि ते तक्त्याकडे न बघताच बरोबर म्हणत आले होते. आताही तसं म्हणता आलं असतं. व्हॅनवाल्यानं विश्वास ठेवला असता.

"मला दिसत नाही हो," भिंगकाका म्हणाले. "मला काहीच दिसत नाहीये."

दिवा हिरवा झाला असावा, कारण मागून कुणीतरी भोंगा वाजवला. मग मागच्या बाकावरून काकू पुढे वाकल्या, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि व्हॅनवाल्याला म्हणाल्या, "बरोबर वाचलंत. चला, पुढची वाचा. यांना ऐकू द्या."